उमा वैजापूरकरची शनिवारची गाडी

उस्मानपुऱ्यातल्या त्या गल्लीत शनिवारी दुपारी दीडच्या सुमाराला एक तपकिरी कुत्री धडाधडा जिना उतरून खाली यायची आणि फाटकाशी उभ्या असलेल्या निळ्या ओम्नीच्या सरकत्या दाराला नाक लावून उभी राहायची. तिच्या मागून उमा वैजापूरकर. डोक्याला रुमाल, पायात मातकट बूट, एका हातात पाण्याचा कॅन आणि दुसऱ्या हातात किल्ली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कालिंदीवहिनी विचारायची, "आज कुठं गं?"

"बघू. क्रांती चौकात गेल्यावर ठरवू."

ती थट्टा करत नसे. तिला खरंच ठाऊक नसायचं. चौकात सिग्नलला गाडी थांबली की मनात येईल ती वाट. कधी दौलताबादवरून खुलताबाद, तिथून म्हैसमाळ. कधी हर्सूल ओलांडून फुलंब्री, सिल्लोड आणि पुढं अजिंठ्याच्या डोंगरात. अंधार पडायच्या आत एखाद्या गडाच्या पायथ्याला गाडी लावायची, रॉकेलच्या स्टोव्हवर खिचडी टाकायची, गाडीतच झोपायचं. रविवारी पहाटे डोंगर चढायचा, उतरल्यावर मागच्या दाराला बांधलेली सायकल सोडून कच्च्या रस्त्यांनी दहा-वीस किलोमीटर हिंडायचं, कुत्री बरोबर पळायची, आणि संध्याकाळी घरी.

वैजापूरकरांच्या घरात असं कुणी याआधी केलं नव्हतं. आजोबा निजामाच्या महसूल कचेरीत उर्दूत कागद लिहायचे. पोलीस अ‍ॅक्शन झाली, राज्य बदललं, कचेरी तीच राहिली आणि आजोबाही. वडील तहसिलीत कारकून. भाऊ मधुसूदन पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. नोकरी किंवा नातेवाईक नेतील तेवढाच या माणसांचा प्रवास. उगीचच्या उगीच डोंगर चढणारी उमा पहिलीच.

तिचं लग्न झालं नव्हतं, आणि त्याला कारण होती आक्काआत्या. ही वडिलांची बहीण. तरुणपणी तिला संध्याकाळचं दिसेनासं झालं, मग दिवसाचंही कडेकडेचं जाऊ लागलं, आणि पंचेचाळिशीला ती पुरती आंधळी झाली. नवऱ्यानं आणून सोडलं ते कायमचं. मागच्या खोलीत खाटेवर बसून असायची. शाळेतून आल्यावर तिला हात धरून मोरीपर्यंत न्यायचं काम उमाचं होतं. आत्याचा हात नेहमी गार आणि ओलसर लागायचा. आठ-नऊ वर्षांच्या उमाला तो हात सोडून पळून जावंसं वाटायचं, आणि असं वाटल्याची लाजही वाटायची. पुढं उमाची स्थळं आली तेव्हा दोन ठिकाणी सगळं ठरत आलेलं असताना कुणीतरी आत्याच्या डोळ्यांचा विषय काढला. तिसऱ्या वेळी उमाच भावाला म्हणाली, "दादा, बस झालं. मला दाखवू नकोस आता."

ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्ताचे थेंब बघायचे. हात हलका, नजर पक्की. अवघड स्लाइड असली की डॉक्टर म्हणायचे, उमाताईंना दाखवा. छत्तिसाव्या वर्षी तिनं शाळेच्या पोरांना नेणारी जुनी ओम्नी घेतली. कडूबा सुतारानं मागची बाकडी काढून प्लायवूडचा पलंग बसवून दिला, खाली भांड्यांचे खण, खिडक्यांना डासांची जाळी. त्याच वर्षी गुलमंडीवर मिठाईच्या दुकानासमोर पावसात भिजणारं पिल्लू ती उचलून घेऊन आली. रंग पाकातल्या इमरतीसारखा म्हणून नावही इमरती. प्रेमानं इम्मू.

ती पाच-सहा वर्षं उमाच्या आयुष्यातली खरी. बाकीचं आयुष्य नोकरीत आणि भावाच्या घरात जायचं तसं गेलं, पण ही वर्षं तिची स्वतःची होती. भांगसीमातेच्या गडावर वाऱ्यानं इमरतीचे कान मागं उलटायचे. सुलीभंजनला एकदा रात्रभर पाऊस लागला आणि सकाळी गाडीचं दार उघडलं तर समोर ढगच ढग, कुत्री त्यांच्यावर भुंकतेय. अंतूरच्या वाटेवर चुकून दोघी दुसऱ्याच डोंगरावर पोहोचल्या, तर तिथंच डबा खाऊन परतल्या. घरी आल्यावर वहिनी विचारायची, "काय पाहिलंस?" उमाला सांगता यायचं नाही. "काही नाही. हिंडलो," एवढंच म्हणायची आणि हसत राहायची.

सगळ्यात जास्त वेळा ती वेताळवाडीच्या गडावर गेली. हळद्याच्या घाटाच्या अलीकडं सरूबाईचं शेत होतं, कपाशीचं. बांधाला कडुलिंबाचं झाड होतं, त्याच्या सावलीत उमा गाडी लावायची. पहिल्यांदा सरूबाई विळा हातात घेऊनच विचारायला आली होती, "कोन गं बाई तुमी? एकल्याच?" मग सवय झाली. उमा शहरातून तिच्यासाठी चहापत्ती, नातीसाठी खाऊ आणायची. सरूबाई भाकरी आणि ठेचा द्यायची. इमरतीला तर सरूबाईच्या हातची शिळी भाकरी म्हणजे जीव की प्राण.

चाळिशी ओलांडली त्या वर्षी सुलीभंजनला तिन्हीसांजेला उमा दगडावर आपटली. हातातली बॅटरी कमजोर असेल, असं तिनं धरलं. महिन्याभरानं कच्च्या रस्त्यावर सायकलच्या डाव्या अंगानं एक मोटरसायकल आली ती तिला कळलीच नाही. चालवणारा शिव्या घालत गेला. लॅबमध्ये टेबलाच्या कडेचा ट्रे तिच्या कोपराला लागून खाली पडला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग तिनं रजा काढली आणि घरात न सांगता डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेली.

अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून, समोर बघत, ठिपका दिसला की बटण दाबायचं. उमा वाट पाहत राहिली. बटण दाबण्याची वेळ फारशी आलीच नाही. मशीन बिघडलं असावं, असं तिला वाटलं.

डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी विचारलं, "घरात कुणाला होतं का?"

"आत्याला."

"हं." ते कागदावर बोट ठेवून म्हणाले, "मधलं दिसतंय, ते चांगलं दिसतंय. कडेचं गेलंय. नळीतून बघावं तसं. ही नळी आणखी अरुंद होत जाईल. किती वेळात ते सांगता येत नाही. औषध नाही. खोटं कशाला सांगू?"

उमानं तो कागद ओढून घेतला आणि त्याची घडी घातली.

"गाडी चालवता?"

"हो."

"बंद करा. आजपासून."

"सायकल?"

"तीही नको, मॅडम. रस्त्यावर तुम्ही एकट्या नसता."

त्या दिवशी ती घरी आली ती स्वतः गाडी चालवतच. रिपोर्ट बारीक फाडून तिनं लॅबच्या कचऱ्यात टाकला. घरात कुणाला सांगितलं नाही. आपण आंधळ्या होणार याचं भय होतंच, पण त्याहून मोठं भय मागच्या खोलीचं होतं. सांगितलं की त्याच क्षणी आपली आक्काआत्या होणार, वहिनीच्या आवाजात ती कीव येणार, दादा हात धरायला पुढं येणार. आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तर एकेक पेशी स्वच्छ, काचेसारखी. तिनं मनाला समजावलं, एवढं बारीक दिसतंय त्या माणसाला आंधळं कोण म्हणेल? डॉक्टर सगळ्यांना घाबरवतात.

चौदा महिने ती अशीच हिंडत राहिली. नवे रस्ते सोडले, ओळखीचेच धरले. ऊन असतानाच निघायचं, ऊन असतानाच पोहोचायचं. मान सारखी इकडून तिकडं फिरवत गाडी हाकायची. डोंगर चढताना इमरती पुढं असायची आणि उमा तिच्या शेपटीवर नजर ठेवून पाय टाकायची. कुत्रीला कुणी शिकवलं नव्हतं, पण ती आता पुढं धावत सुटत नसे. दर दहा पावलांवर थांबून मागं बघायची. उमा सायकलवर असताना मात्र कुत्री डाव्या बाजूनं पळायची, ती तिला दिसायची नाही. नखांचा आवाज ऐकू येतोय तोवर ठीक, असं ती धरून चालायची.

मधुसूदननं एकदा विचारलं, "डोळे दाखवून घे ना. परवा दाराला धडकलीस."

"दाखवले. नंबर वाढलाय थोडा."

ती इतक्या सहज खोटं बोलली की त्यानं पुन्हा विचारलं नाही.

ते कापूस वेचणीचे दिवस होते. शनिवारी चौकात सिग्नल लागला आणि उमाच्या मनात वेताळवाडी आली. संध्याकाळी सरूबाईच्या लिंबाखाली गाडी लागली. रविवारी उजाडताना दोघी गडावर गेल्या. कमानींच्या इमारतीत उमा बराच वेळ बसली. खाली खानदेशाचं सपाट रान उन्हात येत होतं. तिला ते एका वेळी वाटीएवढंच दिसत होतं. वाटी सरकवत सरकवत तिनं सगळं रान बघून घेतलं. आता आपण फार दिवस येणार नाही, हे त्या वेळी तिला कळत होतं. या थंडीत शेवटचं, पुढच्या महिन्यात दादाला सांगायचं, असं तिनं ठरवलंही. पण अजून तीन-चार शनिवार होते.

दहाला खाली उतरल्या. ऊन लख्ख पडलेलं. सायकलवर थोडं हिंडून ती पुन्हा मागच्या दाराला बांधून झाली. उमानं सरकतं दार उघडलं, इमरती उडी मारून पलंगावर चढली. तेवढ्यात सरूबाई भाकरीचा तुकडा घेऊन आली. उमा पुढून फिरून चालकाच्या बाजूला गेली, इंजिन सुरू केलं. सरकतं दार लावायचं राहून गेलं होतं. भाकरीच्या वासानं कुत्री खाली उतरली, तुकडा घेतला आणि नेहमीसारखी गाडीच्या सावलीत, डाव्या पुढच्या चाकाला पाठ लावून खायला बसली. उमाला वाटलं, ती मागं पलंगावर आहे. तिनं डावीकडं बघितलं. जेवढं दिसलं तेवढ्यात काही नव्हतं.

सरूबाई ओरडली. काय ओरडली ते उमाला इंजिनच्या आवाजात समजलं नाही. गाडी हातभर पुढं गेली. मग दुसरा आवाज आला, तो समजला.

इमरती मेली नव्हती. मागचं अंग मातीला चिकटल्यासारखं पडलं होतं आणि पुढच्या दोन पायांवर ती उमाकडं यायला बघत होती. उमा खाली गुडघ्यांवर बसली आणि "इम्मू, इम्मू, नाही, नाही," एवढंच म्हणत राहिली. सरूबाईनं कापसाचं रिकामं पोतं आणलं. दोघींनी कुत्रीला त्यावर घेऊन पलंगावर ठेवलं.

"इथं जनावरांचा डॉक्टर कुठं आहे?" उमानं विचारलं.

"सिल्लोडला. तास लागंल."

"कुणी गाडी चालवणारं आहे का?"

"कोन असंल? सम्दे बाजारला गेले. आमचं म्हातारंबी नातीला घेऊन गेलंय." सरूबाईनं पदर खोचला. "चला, मी येते. ह्या मुक्या जनावराला धराय कोन तरी पायजे."

पण ती मागं बसली नाही, पुढं येऊन बसली आणि एक हात मागं कुत्रीच्या मानेवर ठेवला. गाव ओलांडून दोन मैल गेले नसतील तोच ती किंचाळली, "थांबा, थांबा! म्हातारा हाय ना!"

उमानं ब्रेक दाबला. "कुठं?"

"कुठं म्हंजी? हे काय, डाव्या अंगाला, गाडीला खेटून!"

उमानं मान पुरी वळवली. काठी टेकत एक म्हातारा गाडीच्या दारापासून हातभर अंतरावर उभा होता. तो रागावलाही नाही. चालत पुढं गेला.

सरूबाई उमाच्या तोंडाकडं बघत राहिली. "ताई, तुमाला दिसत नाय व्हय?"

दादाला, वहिनीला, लॅबमध्ये जे चौदा महिने कुणाला सांगितलं नव्हतं, ते तिनं या बाईला सांगितलं. "नाही. कडेचं दिसत नाही. पुढचंच दिसतं."

"कवापासून?"

"वर्ष झालं. जास्तच."

मागं इमरती कण्हत होती. मग उमा म्हणाली, "सरूबाई, तुम्ही सांगत चला. मी हळू चालवते. कडेला काही दिसलं की मोठ्यानं सांगा." आणि तशा त्या निघाल्या. "बैलगाडी हाय डावीकडं." "बाया चालल्यात, उजवीकडून घ्या." "मोकळं हाय." "मोकळं हाय." मध्येच, रस्ता रिकामा असताना, सरूबाई हळू आवाजात म्हणाली, "माझी नात तिथंच खेळती. तुमची गाडी आली की चाकापाशी घर-घर मांडती. आज बाजारला गेली म्हनून."

उमाचे हात स्टिअरिंगवर गार पडले. ते गार झालेले तिला जाणवले, आणि पुढचा सगळा रस्ता तिला फक्त तेवढंच जाणवत राहिलं.

रविवार असल्यानं डॉक्टरांना घरून बोलवावं लागलं. तरुण माणूस होता, जेवणावरून उठून आला. त्यानं इमरतीच्या पाठीवरून हात फिरवला, मागच्या पंजाला चिमटा काढला. पाय हलला नाही.

"कंबरेचा मणका गेलाय."

"वाचेल?"

"काही दिवस ओढेल. पण ओढू देऊ नये असं मला वाटतं. तुम्ही ठरवा."

उमानं ठरवलं. ती टेबलाशी वाकून उभी राहिली आणि तिनं इमरतीचं तोंड दोन्ही तळहातांत धरलं. तिच्या नजरेत एवढंच मावत होतं: ओलं नाक, भुवईवरचा काळा ठिपका, एक डोळा. चिरडलेलं अंग दिसत नव्हतं, आणि मान वळवून ते बघायची तिला हिंमत झाली नाही. कुत्री तिच्या मनगटावरचा घाम चाटत होती. सुई टोचल्यावरही थोडा वेळ चाटत राहिली.

दवाखान्याच्या मागं बाभळींत मोकळी जागा होती. तिथल्या माणसानं खड्डा खणला. उमा पायरीवर बसून राहिली. खणल्याचा आवाज ऐकला, माती लोटल्याचाही. मग तिनं भावाला फोन लावला.

"दादा, मी सिल्लोडला आहे. मला न्यायला ये. गाडी आणायला कुणीतरी ड्रायव्हर बरोबर घे."

मधुसूदन दुपारी तीनला पोहोचला. पायरीवर तिच्या शेजारी बसला. तिनं सगळं सांगितलं, आत्याचं नाव न घेता. त्याला ते नाव सांगावं लागलं नाही. आधी त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग हिशेब त्याच्या ध्यानात आला असावा. त्याचा हात निघाला.

"चौदा महिने?"

"हो."

"आणि तू दर शनिवारी... अगं, आपल्या गल्लीत पोरं खेळतात. शाळा सुटते तेव्हा तू गाडी काढायचीस. उमा, तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं."

"मग?"

तिला जायचं होतं म्हणून ती जात राहिली, एवढंच होतं, आणि ते तोंडानं म्हणता येण्यासारखं नव्हतं.

मधुसूदननं सरूबाईला सांगितलं, "चला, तुम्हाला घरी सोडतो." सरूबाई म्हणाली, "नगं. मी काळी-पिवळी जीपनं जाते." ती उमाकडं आली, उभी राहिली. बोलावं की नाही असं तिचं चाललं होतं. शेवटी बोलली, "ताई, माणसानं असं करू नये." आणि पदरानं तोंड पुसत स्टँडकडं निघून गेली.

ओम्नी नंतर एक-दोन महिने फाटकाशी उभी होती. मग मधुसूदननं ती देऊन टाकली. सायकल वहिनीच्या माहेरी गेली. या गोष्टी उमाला विचारून झाल्या आणि तिनं सगळ्याला "हो" म्हटलं.

लॅब चालू होती. दादा सकाळी सोडायचा, संध्याकाळी आणायचा. मधल्या नळीनं अजून बारीक दिसत होतं. पण सूक्ष्मदर्शकात बघताना आता तिला पूर्वीसारखा विसावा वाटत नसे. पुढच्या वर्षी त्या मधल्या जागेतही धूर आल्यासारखा झाला. एका संध्याकाळी एका स्लाइडवर तिनं तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा वेगळं आलं. दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांना सांगून काम सोडलं. त्यांनी पुष्पगुच्छ दिला. तो घरी आणेपर्यंत तिच्या हातात फुलं होती की नुसता कागद, हे तिला नीट कळत नव्हतं.

कालिंदीवहिनी चांगल्या मनाची बाई. तिनं कधी टोमणा मारला नाही. तिनंच एकदा ओळखीच्या घरून पिल्लू आणलं, उमाच्या मांडीवर ठेवलं. गरम, लुसलुशीत, दुधाचा वास येणारं. उमानं त्याला क्षणभर धरलं आणि म्हणाली, "वहिनी, परत द्या."

"अगं, मी बघेन त्याचं सगळं. तू नुसतं जवळ घे."

"नको. माझ्यापाशी नको."

"त्यात तुझी एकटीची चूक नव्हती गं. डोळ्यांनी केलं ते."

"डोळ्यांनी नाही केलं," उमा म्हणाली. "डोळ्यांचं तर डॉक्टरांनी सांगितलं होतं."

वहिनीनं पिल्लू परत नेऊन दिलं. त्यानंतर घरात फिरायला जाण्याचा विषय कुणी काढला नाही. एकदाच मधुसूदननं तिला कारनं दौलताबादपर्यंत नेलं. ती गाडीतच बसून राहिली. काच खाली करून वाऱ्याला तोंड दिलं. तो पेरूची पिशवी घेऊन आला तेव्हा तिचा चेहरा ओला होता.

आणि मग, तीन वर्षांनी, एका दुपारी सरूबाई आली. नवऱ्याला मोठ्या दवाखान्यात दाखवायला शहरात आली होती. त्याला वऱ्हांड्यात नंबर लावून बसवलं होतं आणि पत्ता विचारत विचारत ती उस्मानपुऱ्यात पोहोचली होती. वहिनीनं तिला उमाच्या खोलीत आणलं. उमाला आता खिडकीचा उजेड तेवढा कळायचा, पण आवाजावरून तिनं लगेच ओळखलं आणि ती उभी राहिली.

"बसा ताई, बसा. कशाला उठता." सरूबाई जमिनीवर बसली. मग ती म्हणाली, "त्या दिशी मी तुमाला टोचून बोलले. मनात राहून गेलं."

"खरं ते बोललात."

"खरं असलं तरी." सरूबाईनं उसासा टाकला. "फोन केला व्हता दिवाळीला. तुमी उचलला नाय."

"नाही उचलला. काय बोलायचं होतं?"

"काय नाय. कशा हाय एवढंच इचारायचं व्हतं."

उमानं विचारलं, "नात कशी आहे?"

"पाचवीला गेली. लई बोलती." हे सांगताना सरूबाईच्या आवाजात आनंद होता. तो तिनं दाबला, हे उमाला ऐकू आलं.

चहा आला. चहा पिता पिता उमानं विचारलं, "गड कसा आहे?"

"हाय तसाच. आमी काय वर जातो व्हय? गवताला जातो तेबी निम्म्या डोंगरापोत्तर. वर काय हाय कुणाला म्हाईत."

"तुम्ही कधीच गेला नाहीत?"

"कामधंदा सोडून कोन जाईल, ताई?"

उमाला ते ऐकून कसंतरी झालं. जन्मभर पायथ्याला राहून या बाईनं वरचं काही बघितलं नव्हतं. मग ती सांगू लागली. वर्षं झाली होती तिला असं काही सांगून. "आधी दरवाजा लागतो. मोठा, काळ्या दगडाचा. आत गेलं की उजव्या हाताला पाण्याचं टाकं, त्यात बारके मासे. मग चढ. मग कमानींची इमारत. तिथून खाली सगळा खानदेश दिसतो. सपाट. शेतांचे तुकडे. आणि दरवाज्याच्या डाव्या हाताला..."

ती थांबली.

सरूबाई वाट बघत राहिली.

"डाव्या हाताला काय होतं?" उमानं स्वतःलाच विचारलं. ती कितीतरी वेळा तिथून गेली होती. पहिल्या खेपांना डोळे चांगले होते, तेव्हा नक्कीच बघितलं असणार. तिनं मनातल्या मनात पुन्हा दरवाज्यातून आत पाऊल टाकलं. समोरची पायरी आली, पुढं चालणारी कुत्री आली, तिची शेपटी आली. डावीकडं काहीच येईना. कमानींशी गेली, तिथंही वाटीएवढंच रान आलं आणि बाकीचं आलं नाही. म्हैसमाळ, अंतूर, सुलीभंजन. तिनं घाईघाईनं एकेक आठवून बघितलं. सगळीकडं मधला तुकडा होता आणि कडा नव्हत्या. पहिल्यापासून एवढंच बघितलं होतं, की बघितलेलं आता जात होतं, हे तिला सांगता येईना.

"राहू द्या ताई," सरूबाई म्हणाली. "असंल काय तरी. दगडधोंडे, दुसरं काय असणार?"

"हो," उमा म्हणाली. "दगडच असतील."

सरूबाईनं कप खाली ठेवला. नवरा एकटाच बसलाय, नंबर आला असेल, असं म्हणून ती उठली. दारात थांबून म्हणाली, "या एकदा. यष्टीनं या, वहिनीला घेऊन. मी फाट्यावर येते."

"येईन."

वहिनी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेली. दोघींची पावलं जिन्यावरून खाली गेली, फाटक वाजलं. उमा खाटेवर तशीच बसली होती. खिडकीचा उजेड अजून होता. ती त्या दरवाज्यापाशी पुन्हा गेली, पुन्हा आत शिरली आणि डावीकडं मान वळवून उभी राहिली.